ट्रॅकसाठी अ‍ॅडजस्टेबल शॉकअप किती क्लिक कडक ठेवावेत?

तुम्ही लातूरचे. जुनी पोर्शे केमन घेतली, २४ क्लिकचे शॉकअप बसवले (नॉब फिरवला की दर पायरीला 'टक' वाजतं, ती एक क्लिक; तेवढा शॉकअप कडक किंवा मऊ होतो), हजारावर किलोमीटर गाडी नेऊन कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसिंग ट्रॅकवर उतरलात. 'ट्रॅक म्हणजे कडक' असं कुणीतरी सांगितलं म्हणून चारही फुल हार्ड केले, आणि गाडी वळणात टणाटणा उडत बाहेर सरकायला लागली. आता विचारताय, नेमके किती क्लिक ठेवू?

आकडा मी देणार नाही. गाडी न बघता कुणी दिला तर तोही घेऊ नका. मी वाळूजला दुचाकीच्या शॉकअपच्या टेस्टिंगवर बरीच वर्षं काढली. चारचाकीचा नाद मित्रामुळे लागला, त्याच्या गाडीखाली लोळून लोळून.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप फक्त तिची हालचाल आवरतो: पिस्टन सरकतो, तेल बारीक वाटांतून ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते. पिस्टन हललाच नाही तर शॉकअप असून नसल्यासारखा. म्हणजे गुळगुळीत लांब वळणात गाडी एकदा कलून स्थिर झाली की तुमचे क्लिक काही करत नाहीत. तिथे नाक बाहेर जात असेल तर टायरची हवा बघा, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर तिरकेपणा) बघा, अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं आवरणारा दांडा) बघा. शॉकअपचं राज्य ब्रेक दाबला, स्टेअरिंग वळवलं, अ‍ॅक्सिलरेटर दिला त्या क्षणांपुरतं. बाहेरच्या टायरवर किती वजन जाणार हे तो ठरवत नाही, किती पटकन जाणार हे ठरवतो.

मग फुल हार्डमध्ये उड्या का? नॉब एकच असेल तर तो बहुधा रिबाउंड बदलतो, म्हणजे दाबलेला शॉकअप परत उघडण्याचा वेग. काहींत कम्प्रेशनही, म्हणजे शॉकअप दाबला जाण्याचा वेगही, सोबत बदलतो. तुमच्यात काय आहे ते सोबतच्या कागदावर लिहिलेलं असेल, तो कागद शोधाच. कम्प्रेशन अति कडक असेल तर उंचवट्यावर चाक वर जात नाही, अख्खी गाडीच उचलली जाते. रिबाउंड अति कडक असेल तर उंचवटा संपल्यावर चाक खाली यायला उशीर करतं. दोन्हीत टायर क्षणभर हलका होतो, आणि हलक्या टायरला पकड कुठली?

रिबाउंडचा खेळ बघायला कोईम्बतूर गाठायची गरज नाही. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात, म्हणून डांबराला लाटा येतात. मित्राने एकदा रिबाउंड शेवटपर्यंत आवळला आणि मला शेजारी बसवून बीडकडे निघाला. पहिली लाट ठीक. दुसरीला गाडी जरा खाली वाटली. तिसरीला पोटाखालून 'खर्रर्र'. शॉकअप पहिल्या लाटेत दाबला गेला, उघडायच्या आत दुसरी आली, आणखी दाबला गेला. गाडी पायरी पायरीने खाली बसत गेली. आम्ही पिस्टनच्या दांड्यावर साधी झिप टाय बांधून ठेवली होती. उतरून बघितलं तर ती बम्प स्टॉपला, म्हणजे दांडा पूर्ण आत गेल्यावर आदळतो त्या रबरी ठोकळ्याला, टेकलेली. तुम्हीही बांधा. दांडा किती आत जातो हे तिच्यापेक्षा स्वस्तात कुणी सांगत नाही.

आता कामाला लागू. क्लिक मोजताना नॉब पूर्ण बंद करा, म्हणजे सगळ्यात कडक, आणि तिथून उलटे मोजत या. बंद करताना दोन बोटांचाच जोर, पान्याने आवळाल तर तेलाची वाट कमी-जास्त करणारी आतली सुई दबून खराब होईल. उघड्या टोकापासून का मोजायचं नाही? एकाच सेटमध्ये एकाला २४ क्लिक आणि दुसऱ्याला २६ निघालेले मी हाताने मोजलेत. ज्याने बसवले त्याने उघड्या बाजूने सारखे मोजून दिले होते, आणि गाडी डावीकडे एक अन् उजवीकडे भलतीच वागत होती. आमचे दोन रविवार अलाइनमेंटमध्ये गेले.

सुरुवात मऊ बाजूने करा. गाडी डुलेल, डुलू द्या. चार-पाच लॅप मारा, मग पुढचे दोन्ही तीन-तीन क्लिक कडक करा आणि परत जा. एका वेळी गाडीचं एकच टोक. गाडी झोका घ्यायचं थांबून एका दमात कलायला लागली की थांबा. आणखी आवळून चाक थरथरायला लागलं तर दोन क्लिक मागे. मग मागच्या चाकांवर तेच. वळणात शिरताना नाक ऐकत नसेल तर पुढचं थोडं मऊ करा. बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर देताच शेपूट सुटत असेल तर मागचं. केमनचं इंजिन सीटच्या पाठीमागे आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे मागे आवळायची घाई मुळीच नको.

शॉकअपच्या कागदावर 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' हे शब्द वाचून फसू नका. तो गाडीचा वेग नव्हे, पिस्टनचा. १५० च्या वेगात ब्रेक मारला तरी नाक सावकाश झुकतं, म्हणजे लो स्पीड. ४० ने कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चढलात तर हाय स्पीड.

हवेचं विसरू नका. गार टायरमध्ये भरलेली हवा ट्रॅकवर ५-६ पीएसआयने सहज चढते. तेलही तापून पातळ होतं, म्हणून सकाळी बरोबर वाटलेलं सेटिंग दुपारी सैल वाटतं. वहीत क्लिकसोबत वेळ, गार टायरची हवा, गरम टायरचं प्रेशर आणि लॅपचा टाइम लिहा. लॅप टाइम तर लिहाच. कडक गाडी आतून वेगवान वाटते, राव. घड्याळाला ती तशी वाटेलच असं नाही.

आणि लातूरला परत निघायच्या आधी चारही नॉब मऊ बाजूला आणा. ट्रॅकचे आकडे वहीत आहेतच.