तुमचा प्रश्न : गाडी जागेवरून झटकन कशी काढायची?

प्रश्न : माझ्याकडे २०० सीसीची बाईक आहे, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस (सरळ रेषेत, थांबलेल्या गाड्यांची वेगाची शर्यत) बघितल्यापासून डोक्यात तेच आहे. पण मी जोरात काढायला गेलो की एकतर गाडी बंद पडते नाहीतर पुढचं चाक उचलतं. काय चुकतंय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अहो, सगळा खेळ क्लचचा आहे, अॅक्सिलरेटरचा नाही! तुम्ही बहुतेक क्लच एकदम सोडताय. आधी सपाट मोकळ्या जागेत, रेस न देता, नुसत्या क्लचवर गाडी हलवून बघा, म्हणजे लिव्हर नेमका कुठे पकडतो ते हाताला कळेल. मग आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) ४-५ हजारावर स्थिर धरायचा, लिव्हर त्या पॉइंटपर्यंत पटकन आणायचा आणि तिथून पुढे हाफ क्लचवर, म्हणजे लिव्हर अर्धवट दाबलेला ठेवून, हळूहळू सोडत, सोबत रेस वाढवत जायचं, गाडीने वेग धरला की पूर्ण सोडून द्या. आरपीएम पडायला लागला तर क्लच किंचित दाबा, चाक उचललं तरी तेच, रेस एकदम बंद केली तर चाक धाडकन आपटतं. छाती टाकीवर, कोपरं वाकलेली, वजन पुढे, यानेच अर्धं काम होतं.

सलग प्रॅक्टिस नको, क्लचच्या प्लेटा तापतात, जळका वास आला की थांबा. क्लचच्या केबलला थोडा फ्री प्ले (ढिलेपणा) आहे ना तेही बघून घ्या. आणि हे सिग्नलला करायचं नाही हं, वाळू असते तिथे, मागचं चाक सरकलं की संपलं. हेल्मेट, जॅकेट घालूनच.