रोज ५० शब्द पाठ करण्यापेक्षा ५ वाक्यं लिही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता काटोलहून रोज एसटीनं नागपूरला क्लासला येतेस, बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. रोज ५० शब्द अर्थासकट पाठ करतेस, आठवड्यानं त्यातले चार-पाच उरतात आणि बोलायची वेळ आली की तेही तोंडाशी येत नाहीत. म्हणून तुला ३००० शब्दांची अर्थासह पीडीएफ हवी आहे. मी नागपुरात एकवीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, बहुतेक मराठी माध्यमाच्याच मुलांना. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते, तुझी स्मरणशक्ती कमी नाही. दोष यादीचा आहे. यादीत एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहिलेला असतो आणि दोघांची जोडी कायमची जुळली असं आपण धरून चालतो.

नवीन वर्ग सुरू झाला की मी फळ्यावर एकच मराठी क्रियापद लिहिते: लावणे. मग विचारते, सकाळपासून तुमच्या घरात काय काय लावलं? मुलं सांगत सुटतात. गजर लावला, दिवा लावला, कुकर लावला, केसांना तेल लावलं, दार लावलं, मोबाइल चार्जिंगला लावला, कुंडीत तुळस लावली, मामाला फोन लावला, धाकट्याला शिकवणी लावली. आता हेच इंग्रजीत सांगा म्हटलं की वर्ग गप्प होतो. गजराला सेट, दिव्याला स्विच ऑन, तेलाला अप्लाय, दाराला शट किंवा क्लोज, तुळशीला प्लांट, मामाला कॉल. आपलं एक क्रियापद सगळीकडे पुरतं, इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी वेगळं. 'अप्लाय म्हणजे लावणे' एवढंच पाठ केलेला मुलगा मग पेपरात 'आय अप्लाइड द डोअर' लिहितो. हे वाक्य मी खरोखर तपासलेलं आहे. त्यानं पाठ केलेला अर्थ बरोबरच होता. अप्लायच्या सोबतीला कोण कोण येतं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मलम येतं, रंग येतो, ब्रेक येतो, नियमही येतो. आणि नोकरीसाठी अर्ज करायचा तर मध्ये 'फॉर' लागतो.

उलट बाजूनंही हेच होतं. रन म्हणजे धावणे, हे आपल्याला पाचवीपासून ठाऊक असतं. पण इंग्रजीत माणूस दुकान रन करतो, सर्दीत नाक रन होतं, बस दर अर्ध्या तासानं रन होते, आणि घरातलं दूध संपलं तर 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क'. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९५७ साली लिहून ठेवलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपण सोयरीक जुळवताना माणसाची संगत बघतो, तसंच.

अर्ध्या ज्ञानानं किती नुकसान होतं त्याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. एका विद्यार्थिनीनं स्वतःविषयीच्या परिच्छेदात लिहिलं होतं, 'माय फादर वर्क्स हार्डली'. तिचे वडील पहाटे चारला उठून कॉटन मार्केटमधून भाजी आणतात आणि दिवसभर गाडीवर विकतात. तिला लिहायचं होतं, बाबा खूप कष्ट करतात. लिहिलं गेलं, बाबा फारसं काही कामच करत नाहीत. तिचा तर्क चुकीचा नव्हता. क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली, मग हार्डचं हार्डली. मी समजावून सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. आम्ही बसून दोन वाक्यं केली: 'माय फादर वर्क्स हार्ड. ही हार्डली स्लीप्स.' आता तिला हे दोन शब्द जन्मात चुकायचे नाहीत. मी इतरांनाही हीच जोडी देते.

म्हणून पद्धत अशी ठेव. दोनशे पानी वही घे. दिवसाला फक्त पाच शब्द. प्रत्येक शब्दाखाली त्याचा उच्चार देवनागरीत, मग डिक्शनरीतलं एक वाक्य जसंच्या तसं, त्या वाक्यापुरता मराठी अर्थ, आणि शेवटी तुझं स्वतःचं वाक्य. अर्थ वाक्यापुरताच लिहायचा, हे महत्त्वाचं.

डिक्शनरी शिकणाऱ्यांसाठी केलेलीच वापर. अशा कोशांच्या मागे ए. एस. हॉर्नबी नावाच्या शिक्षकाचं मोठं काम आहे. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना काय अडतं हे रोज बघत होते. त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, नंतर १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही आपण वापरतो. पुढे १९८७ मध्ये कोबिल्ड या दुसऱ्या इंग्रजी कोशानं तर अर्थच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली. हे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात आणि उच्चारही ऐकता येतो. इंग्रजी-मराठी कोश जवळ असू दे, पण तो दुसऱ्या क्रमांकावर.

स्वतःचं वाक्य हे या सगळ्यातलं खरं काम. 'राम इज अ गुड बॉय' छापाचं वाक्य चालणार नाही. त्यात तुझं गाव, तुझी माणसं, तुझ्यावर गुजरलेला प्रसंग पाहिजे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात प्रचंड पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे तुला आठवत असेल. त्या भागातली एक मुलगी तेव्हा माझ्या वर्गात होती. आठवड्यानं ती आली. मी म्हटलं, जे झालं ते मराठीत सांग, शब्द मी देते. तलाव ओसंडला: ओव्हरफ्लो. स्कूटर पाण्याखाली गेली: सबमर्ज्ड. आजीला घेऊन सहा तास शेजाऱ्यांच्या गच्चीवर अडकून पडलो: स्ट्रँडेड. तिनं लिहिलं, 'वी स्ट्रँडेड ऑन द टेरेस'. मग तिनंच विचारलं, काहीतरी कमी वाटून राहिलं मॅडम, काय? मराठीत आपण सरळ 'अडकलो' म्हणतो. इंग्रजीत परिस्थितीनं माणसाला अडकवलेलं असतं, म्हणून 'वी वर स्ट्रँडेड'. तो 'वर' तिनं लाल शाईनं लिहिला. ती आज नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत भेटली तेव्हा तेच वाक्य तिनं न अडखळता म्हणून दाखवलं. यादीतून पाठ केलेला शब्द इतका टिकलेला मी अजून पाहिला नाही.

आपल्या बोलीचीही इथे दखल घे. 'मी येऊन राहिलो', 'तो सांगून राहिला' ही आपली नागपुरी रचना 'आय अ‍ॅम कमिंग', 'ही इज टेलिंग' याला अगदी चपखल बसते, आणि त्याचा आपल्या मुलांना फायदाच होतो. पण 'मला समजून राहिलं' याचं आपण 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' करतो, तिथून पुढे 'आय अ‍ॅम नोइंग', 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स'. परीक्षेत चुका शोधायच्या प्रश्नांत हेच विचारतात. नवीन क्रियापद लिहिताना कोशातल्या वाक्यात ते 'इंग'सह दिसतं का, ते बघून वहीत खूण कर.

उपसर्ग आणि धातूंबद्दल तू विचारलं आहेस. आहार, विहार, प्रहार, संहार जसे एका 'हृ' धातूतून आले, तसे इंपोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट एका 'पोर्ट'मधून. लक्षात ठेवायला मदत होते, अंदाज बांधायला मात्र जपून वापर. जाता जाता, आपल्या मुंगसावरूनच इंग्रजीत मंगूस हा शब्द गेला आहे, आणि त्याचं अनेकवचन मंगूसेस होतं. गूसचं गीस होतं म्हणून मंगीस करू नको.

उजळणीचं आता. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगानं विसरतं, नंतर तो वेग मंदावतो. म्हणजे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. मग तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७२ मध्ये यासाठी खोक्याची युक्ती सांगितली. चपलेचं रिकामं खोकं घे, पुठ्ठ्याचे पाच कप्पे कर. चिठ्ठीच्या एका बाजूला तुझं वाक्य मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. मराठी बघून इंग्रजी मोठ्यानं म्हणायचं. आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे त्याहून उशिरानं. 'मोठ्यानं' हा शब्द सोडू नको, बोलताना तुझी जी अडचण होते ती इथेच सुटते.

वाचायला इथलं इंग्रजी वर्तमानपत्र घे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सुरू केलेला हितवाद आजही नागपुरातून निघतो. त्यातली फक्त शहराची बातमी वाच. सीताबर्डीवर काल काय झालं हे तुला आधीच माहीत असतं, त्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ बातमीतूनच उलगडतो. अग्रलेखाच्या मागे सध्या लागू नको.

आता पीडीएफ. मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० अत्यावश्यक शब्द निवडून यादी केली होती, आणि ऑक्सफर्डची ३००० शब्दांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती जरूर घे, पण पाठ करायला नको. पेन्सिल घेऊन बस. जो शब्द वाक्यात वापरता येतो त्यावर बरोबरची खूण, जो फक्त वाचून कळतो त्यावर टिंब, जो माहीतच नाही तो कोरा. टिंबवाले शेकड्यांनी निघतील. पहिले तीन महिने फक्त त्यांचीच वाक्यं कर, कोऱ्यांना हात लावू नको.

उद्या एसटीत बसलीस की बॉरो आणि लेंड या दोघांपासून सुरू कर. यादीत दोघांसमोर 'उसने' एवढंच लिहिलेलं सापडेल. कोण घेतं आणि कोण देतं ते कोशात बघ, मैत्रिणीचं पेन घेऊन दोन वाक्यं कर आणि इथे टाक, मी तपासून देते.