अधिवेशनातल्या बातम्या आणि रात्री दोनची कॅथलॅब

(कराडहून एका वडिलांचं पत्र आहे. त्यांचं औषधांचं दुकान आहे, मुलगी एमबीबीएस होऊन इंटर्नशिप करते आहे. अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या वार्षिक अधिवेशनांत काय काय मांडलं गेलं, हे वाचून तिने वही भरली आहे. गुडघेदुखीवर रक्तवाहिनीतून इलाज, भूक कमी करणारा इलाज, असं बरंच. पुढच्या अधिवेशनाला जायला ती पैसे मागते आहे. वडील विचारतात, "आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट म्हणजे सोनोग्राफीवाला. ही शाखा खरी की नवं फॅड? आणि मुलीच्या जातीने दिवसभर एक्स-रेजवळ उभं राहावं का?")

नमस्कार,

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणजे एक्स-रेसारख्या पडद्यावर बघत, मोठी चिरफाड न करता, सुई-नळ्यांनी इलाज करणारी शाखा. ती फॅड नक्कीच नाही. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला ८२ वर्षांच्या एका आजींचा पाय काळा पडायला लागला होता. सर्जन म्हणाले, कापावा लागेल. आजी हटून बसल्या, पाय देणार नाही. तेव्हा चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने मांडीच्या रक्तवाहिनीतून तार सरकवली, तिच्यावरून नळ्या घालून अडथळा रुंद केला आणि पाय वाचला. पुढे आजी शेवटपर्यंत त्याच पायांवर चालल्या. या शाखेची सुरुवात साधारण इथून धरतात.

या गोष्टीची आधीची बाजू तुमच्या लेकीला सांगा, कारण ती अधिवेशनांचीच आहे. १९६३ च्या जूनमध्ये डॉटरने चेकोस्लोव्हाकियात कार्लोव्ही व्हारीच्या परिषदेत सांगितलं होतं की कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीत सरकवायची बारीक नळी, नुसतं बघण्यापुरतं नाही, कल्पकतेने वापरलं तर ते शस्त्रक्रियेचं हत्यार होईल. त्याच वर्षी शिकागोच्या रेडिओलॉजी अधिवेशनात बिल कुक नावाचा तरुण टेबलावर ब्लोटॉर्च ठेवून प्लास्टिकच्या नळ्यांना आकार देत बसला होता. डॉटरने ती टॉर्च आणि नळ्या एका रात्रीसाठी मागून नेल्या आणि सकाळी दहा तयार कॅथेटर आणून दिली. ती तिथेच विकली गेली. अधिवेशनाचा खरा उपयोग मला असल्या टेबलांपाशी दिसतो. मंचावरचं नंतर कुठेही वाचता येतं.

आता वहीकडे वळू. भुकेचा इलाज २०१६ साली व्हँकुव्हरच्या अधिवेशनात मांडला गेला. जठराच्या वरच्या भागात भुकेचं हार्मोन तयार होतं. त्या भागाची रक्तवाहिनी बारीक कणांनी अंशतः बंद केली की भूक मंदावते, अशी ही कल्पना. त्यात रुग्ण किती होते? सात. गुडघ्याचा अभ्यास २०२१ च्या ऑनलाइन अधिवेशनातला. त्यात रुग्ण ४०, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दुखणं ही अशी चीज आहे की डॉक्टरने मन लावून काहीतरी केलं म्हणूनही ते कमी होतं. दुकानाच्या काउंटरवर तुम्ही हे रोज बघत असाल.

मी उगाच शंका काढत नाही. मोडलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याची व्हर्टिब्रोप्लास्टी या शाखेत जोरात होती. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन चाचण्या आल्या. अर्ध्या रुग्णांना सिमेंट भरलं, अर्ध्यांवर प्रक्रियेचं नुसतं नाटक केलं. आराम दोघांना जवळपास सारखाच. त्यावरून या क्षेत्रात मोठा वाद पेटला. मुलीला म्हणा, वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने आखायचे: रुग्ण किती आणि तुलना कशाशी. मग बघा, किती नोंदी ठळक अक्षरांत राहतात.

पैशांचं म्हणाल तर आत्ता देऊ नका. माझा एक जुना विद्यार्थी इंटर्न असताना परदेशातल्या अधिवेशनाला गेला आणि चार पिशव्या नि पेनं घेऊन परतला. अर्ध्याहून जास्त भाषणं डोक्यावरून गेली, असं त्यानेच प्रांजळपणे सांगितलं. एमडीला लागल्यावर आधी आपल्याकडच्या इंडियन सोसायटी ऑफ व्हॅस्क्युलर अँड इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या वार्षिक परिषदेत तिने पोस्टर लावावं. अमेरिका कुठे पळून जात नाही.

वाट लांब आहे, हे मात्र आधीच माहीत असू द्या. नीट-पीजी, मग रेडिओडायग्नोसिसचं एमडी किंवा डीएनबी तीन वर्षं. या जागा वरच्या रँकमध्येच संपतात. त्यानंतर नीट-एसएस ही पुढची प्रवेशपरीक्षा देऊन डीएम किंवा डीआरएनबी, म्हणजे या शाखेतली सुपरस्पेशालिटी पदवी, आणखी तीन वर्षं. मुंबईत केईएमला हा डीएम आहे, पण देशभर धरूनही जागा मोजक्याच. एमडीनंतर नुसत्या सोनोग्राफी-सीटीवर चांगलं चालू शकतं, हा मोह तेव्हा समोर उभा असेल. त्या वेळी तिने ठरवावं, आज नको.

रोजचं काम वहीत नाही, ते कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर बघत हे इलाज करायच्या खोलीत चालतं. रात्री दोनला टीबी होऊन गेलेला एखादा माणूस तोंडातून रक्त टाकत येतो. मांडीत किंवा मनगटात सुई, सुईतून तार, तारेवरून कॅथेटर, डाय (एक्स-रेत उठून दिसणारं द्रव्य) सोडला की पडद्यावर छातीतली सुजलेली, वेडीवाकडी धमनी उमटते. ती बंद व्हावी म्हणून तीत हळूहळू कण सोडायचे. फार जोराने सोडले तर ते मागे येऊन भलतीकडे जातात. मणक्याकडची बारीक धमनी नजरेतून सुटली तर पाय लुळे पडू शकतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, लिव्हरमधला पू, तुंबलेली किडनी, सगळं याच टेबलावर. त्यातलं बहुतेक काम कुठल्याच अधिवेशनाची बातमी होत नाही.

एक्स-रेची भीती रास्त आहे, पण ती फक्त मुलींची नाही. छातीला बॅज लावतात, त्यावर डोस मोजला जातो. आपल्याकडच्या अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या डोसाचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० हून जास्त नाही. गरोदरपण कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी ती १ वर येते, म्हणजे कामाची विभागणी बदलावी लागते. अशा विभागांत बायका काम करतात, मुलंबाळंही होतात. त्यांतल्या एखादीशी तिने स्वतः बोलावं, माझ्या शब्दावर जाऊ नये.

इंटर्नशिप संपायच्या आत पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात विभागप्रमुखांची लेखी परवानगी काढून तिने आठवडाभर नुसतं उभं राहून बघावं, त्यात निदान एक रात्र कॅथलॅबमधली असावी. किरण अडवणारा शिशाचा (लेड) ॲप्रन पाच-सात किलोचा असतो. घरी आली की पहिल्यांदा पाठ कशी आहे ते विचारा, वहीचं नंतर.