आधी टेबल, मग पडदे

प्रश्न : आमच्या विद्यापीठात नव्वद आसनांचं पायऱ्या-पायऱ्यांचं जुनं व्याख्यानगृह आहे. तिथे मुलं गटात बसून, स्वतः शोधत शिकतील असा वर्ग करायचा आहे. पुरवठादाराने दिलेल्या आराखड्यात समोर एक भलामोठा टच-पॅनेल, प्रत्येकाला टॅब्लेट आणि छताला कॅमेरे आहेत. ज्येष्ठ सहकारी म्हणतात, नुसता गोंगाट होईल. निधी एकदाच मिळणार आहे. सुरुवात कुठून करू?
– एक विभागप्रमुख

उत्तर : टेबलापासून करा. तुमच्या सबंध पत्रात टेबल हा शब्द एकदाही आलेला नाही, म्हणून आधी तेच सांगते.

मी पदार्थविज्ञान शिकवते. असे दोन वर्ग उभे राहिले तेव्हा मी समितीवर होते. पहिल्या वर्गात आम्ही पडद्यांपासून, म्हणजे स्क्रीनपासून, सुरुवात केली. सहा पडदे घेतले आणि उरलेल्या पैशांत लांबट टेबलं आणली. दुसऱ्याच आठवड्यात एका टेबलाशी थांबून बघत होते. टोकाला बसलेली मुलगी पलीकडच्याची वही वाचायला मान वाकडी करत होती. दोनदा केली, तिसऱ्यांदा तिने तो नाद सोडला आणि आपलं आपलं गणित करायला घेतलं. तिचा गट तिथेच मोडला. त्याला जबाबदार होती ती टेबलाची लांबी.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत रॉबर्ट बाइक्नर यांनी १९९०च्या दशकात ‘स्केल-अप’ हा मोठ्या वर्गात गटांनी शिकण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातलं सात फूट व्यासाचं गोल टेबल पुढे ठिकठिकाणी गेलं. एका टेबलाभोवती नऊ जण, तिघा-तिघांचे तीन गट. टेबल याहून मोठं झालं तर समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. लहान झालं तर वह्या आणि साहित्य मावत नाही. अमेरिकेतल्याच एमआयटीत जॉन बेल्चर आणि सहकाऱ्यांनी विद्युत-चुंबकत्व शिकवण्यासाठी ‘टील’ नावाचा असाच वर्ग केला, तिथेही नऊ जणांची तेरा टेबलं, म्हणजे ११७ विद्यार्थी. पण यासाठी जमीन सपाट लागते आणि माणशी जागाही जास्त लागते. तुमच्या नव्वद जागा नव्वद राहणार नाहीत. हे प्रशासनाला आजच लेखी कळवा. बांधकाम निम्म्यावर आल्यावर कळलं की भांडण होतं, आणि मग टेबलं आक्रसतात.

टॅब्लेट रद्द करा. तिघांत एक लॅपटॉप पुरे. प्रत्येकाच्या हातात पडदा आला की तीन माना खाली जातात. एकच असला की डोकी एकत्र येतात. मात्र कीबोर्ड ज्याच्या हाती, त्याचंच राज्य होतं. बाकीचे दोघे मागे रेलून बसतात. त्यावर मिनेसोटा विद्यापीठात पॅट्रिशिया हेलर आणि सहकाऱ्यांनी गटाला नेमून दिलेल्या भूमिका मला फार उपयोगी पडल्या : एक जण काम पुढे नेणारा, एक नोंद ठेवणारा, एक शंका घेणारा. दर वेळी अदलाबदल. शंका घेणं हे नेमून दिलेलं काम झालं की अबोल मुलंसुद्धा ‘थांबा, हे एकक जुळत नाही’ असं म्हणतात.

यानंतरचा खर्च भिंतींवर करा. प्रत्येक टेबलाजवळ पांढरा फळा हवा, उभं राहून लिहिता येईल असा. त्यावर काय उतरतं, ते माझ्या एका प्रश्नावरून सांगते. चिकटपट्टीचे दोन तुकडे टेबलावरून झर्रकन ओढून काढायचे आणि शेजारी-शेजारी लोंबते धरायचे. विद्युतभारामुळे ते एकमेकांपासून दूर सरकतात. मी विचारते, या पट्टीवर किती इलेक्ट्रॉनांचा फरक पडला असेल? साहित्य म्हणजे मोजपट्टी आणि वजनकाटा. कोन मोजायचा की अंतर, यावर वाद पेटतो आणि तो फळ्यावर उतरतो. मी खोलीच्या मधोमध उभी राहून सगळे फळे एका फेरीत वाचते. कोण कुठे अडलंय ते मला विचारावं लागत नाही. असा प्रश्न हाताशी नसेल तर सगळी खोली वाया जाईल, म्हणून सत्रभराचे प्रश्न खोलीच्या आधी लिहून ठेवा.

तंत्रज्ञानाकडून मला एकच गोष्ट हवी असते : कुठल्याही टेबलाचा पडदा एका बटणात सगळ्यांना दाखवता यावा. दोन गटांची दोन वेगळी उत्तरं शेजारी-शेजारी दिसली की वर्ग आपोआप बोलू लागतो. प्लग टेबलाखाली जमिनीतूनच यायला हवेत. वायर पायात आली की गटांमधून फिरणं संपलं.

गोंगाट होणारच, आणि तो हवाच. नको असतो तो घुमणारा आवाज. छताला आवाज शोषणारे फलक, जमिनीवर जाजम आणि शिक्षकाला कॉलरचा माइक, एवढी तरतूद कॅमेऱ्यांच्या पैशांतून करा.

सहकाऱ्यांना आकडे दाखवा. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास एकत्र तपासले : निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, सक्रिय शिक्षणाच्या, म्हणजे मुलं स्वतः काम करत शिकतात अशा वर्गांत २१.८. मुलंही कुरकुर करतील, त्याने खचू नका. हार्वर्डच्या २०१९च्या अभ्यासात सक्रिय वर्गातली मुलं जास्त शिकली होती, पण आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटत होतं. पहिल्याच तासाला हे त्यांना मोकळेपणाने सांगा.

प्रश्न : खोली व्हायला वर्ष लागेल. तोवर?

उत्तर : तोवर आहे त्याच पायऱ्यांवर. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१पासून हार्वर्डच्या व्याख्यानगृहातच हे केलं : एक अवघड प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर. तुम्ही एकाआड एक रांगेला मागे वळून बसायला सांगा. आणि एखाद्या रिकाम्या खोलीत खडूने सात फुटांचा गोल काढा, नऊ खुर्च्या ठेवा, नऊ विद्यार्थ्यांना तासभर काम द्या. कोणाची वही कोणाला दिसत नाही ते लिहून काढा. तो कागद घेऊनच पुरवठादाराला बोलवा.