एकाच जिल्ह्यात दोन पावसाळे

प्रश्न : महाबळेश्वरात धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात दुष्काळ, असं का? (एक वाचक, कराड)

उत्तर : मी माणचाच, त्यामुळे हा प्रश्न माझाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास, आमच्याकडे जेमतेम पाचशे. पलीकडे उतरणारा वारा कोरडाच. म्हणून तिकडे लाल मातीत स्ट्रॉबेरी, कृष्णाकाठच्या काळ्या रानात ऊस, आणि आमच्या मुरमाड माळावर ज्वारी, बाजरी नि मेंढरं. हल्ली डाळिंबं आलीत, तीही ठिबकवर. जूनमध्ये मावळतीला विजा चमकल्या की आजोबा कपाळाला हात लावायचे, "पडला बघ, त्यांच्यातच!"