सोनोग्राफीत बायसेप्सच्या टेंडनभोवती पाणी दिसलंय. इंजेक्शन घ्यावं की आधी एमआरआय करावा?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: आईंचं वय 58, शुगर आहे. काही महिने उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतोय, त्या कुशीवर झोपता येत नाही. रिपोर्टात बायसेप्सच्या (दंडाच्या पुढच्या स्नायूच्या) टेंडनभोवती, म्हणजे त्याला हाडाशी जोडणाऱ्या दोरीभोवती, पाणी लिहिलंय आणि डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघून इंजेक्शन देऊ म्हणून सांगितलंय.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, खांद्याची सोनोग्राफी माझ्या रोजच्या कामातली. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण इंजेक्शनच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: ते पाणी बायसेप्सचंच आहे का?

बायसेप्सचं लांब टेंडन दंडाच्या हाडावरच्या खोबणीतून वर जातं आणि थेट खांद्याच्या सांध्यात शिरतं. त्याच्याभोवतीचं आवरण सांध्याच्या पोकळीशी जोडलेलं असतं. त्यामुळे सांध्यात कुठल्याही कारणाने पाणी झालं, की ते उतरून इथे साठतं. दुखणं शेजाऱ्याचं आणि नाव बायसेप्सचं, असं पुष्कळदा होतं. आवरण जाड झालंय, डॉपलरवर तिथला रक्तप्रवाह वाढलेला दिसतोय आणि प्रोब दाबल्यावर पेशंट नेमकं तिथेच "आई गं" म्हणतोय, तर दोष बायसेप्सचा. नुसतं थोडं पाणी असेल तर मी आधी रोटेटर कफकडे, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार टेंडनच्या वेढ्याकडे, बघतो.

शुगरच्या पेशंटमध्ये आणखी एक शंका असते, फ्रोझन शोल्डर. त्यातही बायसेप्सभोवती पाणी दिसू शकतं. म्हणून जेल लावायच्या आधीच मी बायकांना विचारतो, ब्लाउजचे मागचे हुक लावता येतात का? वेणी घालता येते का? मग कोपर अंगाला चिकटवून त्यांचा हात मीच हळूच बाहेरच्या बाजूला फिरवून बघतो. मी फिरवूनही तो अडत असेल, तर खांदा जखडलाय. हे निदान मशीनपेक्षा हातानेच जास्त होतं. तसं असेल तर इंजेक्शन बायसेप्सच्या आवरणात देऊन फारसं भागत नाही, ते सांध्यात द्यावं लागतं आणि पुढे चिकाटीने व्यायाम.

सोनोग्राफीतही पेशंटला हलवावं लागतं. आधी स्टुलावर बसवून, तळवा वर करून हात मांडीवर ठेवतो आणि खोबणीत टेंडन बघतो. प्रोब किंचित तिरका झाला तरी चांगलं टेंडन काळं दिसतं आणि फाटल्याचा भास होतो, म्हणून प्रोब पुढे-मागे कलवत राहावं लागतं. मग हात बाहेर फिरवायला सांगतो. टेंडन खोबणीची कड ओलांडून आत घसरलं, तर कफचं समोरचं टेंडन, सबस्कॅपुलॅरिस, फाटल्याची दाट शंका. शेवटी हात मागे कमरेवर, पँटच्या मागच्या खिशात घातल्यासारखा, म्हणजे कफचं वरचं टेंडन, सुप्रास्पायनॅटस, नीट समोर येतं. तुमच्या रिपोर्टात या दोन्ही टेंडनबद्दल काही लिहिलंय का, ते बघा. नसेल तर सरळ विचारा.

(बाहेर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी वाचून आत आलेल्या आजी हमखास विचारतात, "खांद्याची पण सोनोग्राफी असते होय?")

एमआरआयची घाई नको. कफ पूर्ण फाटलाय का, हे सरावाच्या हाताने केलेली सोनोग्राफी जवळपास एमआरआयइतकंच सांगते. सांध्याच्या आतली कूर्चेची (मऊ हाडाची) कड, हाडाच्या आतला दोष, किंवा ऑपरेशनचा विचार असेल, तर मात्र एमआरआय हवा.

आता इंजेक्शन. बघत देण्याचा फायदा असा, की सुईचं टोक स्क्रीनवर दिसतं. औषध आवरणात जायला हवं, टेंडनमध्ये नाही. स्टिरॉइड टेंडनमध्येच गेलं तर ते कमकुवत होऊन तुटू शकतं. खोबणीच्या बाहेरच्या बाजूला एक छोटी धमनी असते, डॉपलर लावून तीही चुकवता येते. सोबत भुलेचं औषध असतं, त्यामुळे काही मिनिटांतच हात पुन्हा हलवून बघता येतो. दुखणं तेव्हा लगेच ओसरलं, तर दोषी बायसेप्सच असण्याची शक्यता वाढते. नाहीच ओसरलं तर मूळ दुसरीकडे शोधायचं, तिथेच पुन्हा पुन्हा सुया टोचत बसायचं नाही.

आईंसाठी महत्त्वाचं म्हणजे स्टिरॉइडने काही दिवस शुगर वाढते. शुगर आधीच हाताबाहेर असेल तर इंजेक्शन पुढे ढकला. शुगरच्या डॉक्टरांना आधी कळवा आणि नंतरचा आठवडाभर घरी मोजत राहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. पाण्याची बादली, कुकर उचलणं दोनेक आठवडे बंद. ताप आला किंवा खांदा लाल, गरम झाला तर वाट न बघता दाखवा.

आणि फिजिओकडे जेल लावून जे 'अल्ट्रासाउंड' देतात, ते वेगळं. त्यात चित्र दिसत नाही, तो शेकण्याचा प्रकार आहे आणि माझ्या मते त्यावर फार भरवसा ठेवण्यासारखं नाही. फिजिओकडून घ्यायचे ते व्यायाम. इंजेक्शनने दुखणं कमी झालेले काही आठवडे त्यासाठीच वापरायचे असतात.