विश्वास आहे, मग शास्त्राभ्यास कशासाठी?

सप्रेम सलाम. आपण विचारले आहे की दर रविवारी उपासनेला जातो, घरी प्रार्थना होते, प्रभूवर मनापासून विश्वास आहे, तर मग पाळकसाहेब शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबलच्या अभ्यासवर्गाला, या म्हणून इतका आग्रह का धरतात. शिवाय ज्ञान फुगवते आणि प्रीती उन्नती करते, असे प्रेषित पौलानेच बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. जालना आणि बीड जिल्ह्यांतल्या मंडळ्यांमध्ये मी गेली 22 वर्षे शास्त्राभ्यासाचे वर्ग घेत आहे आणि हा प्रश्न, याच वचनाच्या आधारासह, मला पुष्कळदा ऐकायला मिळाला आहे. म्हणून आधी त्या वचनाकडेच वळतो.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तीला वाहिलेल्या पदार्थांचा विषय चालू आहे. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे हे ज्यांना कळले होते ते निर्धास्तपणे खात होते, आणि नुकताच विश्वासात आलेला, मनाने अजून कच्चा असलेला भाऊ ते पाहून अडखळत होता. तुमचे ज्ञान खोटे आहे असे पौल त्या जाणकारांना म्हणत नाही. ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्या भावाचा तुमच्या ज्ञानापायी नाश होतो, हे त्याचे दुखणे आहे. याच पत्राच्या आरंभी करिंथकर ज्ञानाने संपन्न झाले म्हणून तो देवाचे आभार मानतो, आणि चौदाव्या अध्यायात समजुतीच्या बाबतीत बाळ राहू नका असे बजावतो. हा प्रश्न आपल्या घरांतलाही आहे. पोळ्याला शेजारून पुरणपोळीचे झाकलेले ताट येते. ते घ्यावे की नाही यावरून नवी सून आणि सासू यांच्यात अबोला धरलेला मी पाहिला आहे. वाढलेले अन्न विचारपूस न करता खावे, पण हे वाहिलेले आहे असे कोणी सांगितले तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये, असे पौल दहाव्या अध्यायात सांगतो. त्या घरात ही दोन वचने कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणूनच भांडण इतके लांबले, असे माझे मत आहे.

मी हे पोटतिडकीने लिहीत आहे, त्याला कारण आहे. 2014 च्या गारपिटीत आमच्या चुलत्यांचे हाताशी आलेले रब्बीचे पीक गेले आणि त्याच उन्हाळ्यात गावातल्या मांडवात बाहेरून आलेल्या एका उपदेशकाची सभा झाली. चुलत्यांना शुगरचा जुना त्रास होता. घरी फ्रीज नसल्यामुळे इन्सुलिनची बाटली ते माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवत. विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील हे याकोबाच्या पत्रातले वचन त्या सभेत वाचले गेले आणि औषध घेणे म्हणजे अविश्वास, असा त्याचा अर्थ सांगितला गेला. दुसऱ्या दिवशी चुलत्यांनी तो डबा स्वतःच्या हाताने उकिरड्यावर नेऊन टाकला. पुढे पायाची जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. त्यापेक्षाही वाईट हे झाले की दवाखान्यात भेटायला आलेल्यांपैकी एकाने, तुमचा विश्वास कमी पडला, असे त्यांच्या तोंडावर सांगितले.

चुलत्यांच्या विश्वासात मला कधीही उणीव दिसली नाही. उणीव होती ती एवढीच, की ज्या पौलाच्या हातून अनेक आजारी बरे झाले त्यानेच आपला सोबती त्रफिम याला मिलेत नगरात आजारी असताना मागे ठेवले, आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले आणि लूकाला प्रिय वैद्य म्हटले, हे त्यांना कोणी कधी वाचून दाखवले नव्हते. खाटेशेजारी बसून मी हे तिन्ही संदर्भ वाचले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “हे आधी का नाही सांगितलंस?” त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ज्ञानाअभावी माझ्या लोकांचा नाश झाला, हे होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातले शब्द आपण सहसा अडाणी लोकांना उद्देशून वापरतो. पण मूळ उताऱ्यात ठपका याजकांवर आहे, कारण शिकवण्याचे काम त्यांचे होते. तेव्हापासून मी माझा एकही वर्ग चुकवलेला नाही.

ज्ञान म्हणजे शिक्षण किंवा पदवी, असा समज मात्र करून घेऊ नका. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, तरी ऐकून ऐकून तिची कित्येक स्तोत्रे पाठ होती, आणि कोणते स्तोत्र कोणत्या दुःखाला लागू पडते हे तिला अचूक कळत असे. इब्री भाषेत जाणणे हा शब्द पतिपत्नीच्या निकट संबंधासाठीसुद्धा येतो, आणि एकच खरा देव व येशू ख्रिस्त यांना ओळखणे हेच सार्वकालिक जीवन, असे योहानाच्या सतराव्या अध्यायात प्रभूच म्हणतो. ज्याच्यावर आपले प्रेम आहे तो काय बोलला, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलला, हे जाणून घेण्याची इच्छा प्रेमातूनच उपजते. म्हणून ज्ञान आणि प्रीती यांना एकमेकांच्या विरोधात उभे करणे मला पटत नाही. फिलिप्पैकरांसाठी पौलाची प्रार्थनाही हीच आहे, की त्यांची प्रीती ज्ञानाने आणि विवेकाने उत्तरोत्तर वाढावी.

आपल्या लोकांनी या कामासाठी किती कष्ट उपसले तेही आठवावे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना ख्रिस्ती पाळक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांचे बेथेल हे गाव वसवले. पंडिता रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून इब्री व ग्रीक शिकून अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते पूर्ण छापून आले.

आता आपल्यासाठी एक सूचना. मोबाइलवर रोज येणारे सुटे वचन महिनाभर बाजूला ठेवा आणि फिलिप्पैकरांस पत्र घ्या. चारच अध्याय आहेत, सलग वाचायला अर्धा ताससुद्धा लागत नाही. पौलाने ते बंदिवासातून लिहिले आहे, हे मनात ठेवून एका बैठकीत मोठ्याने वाचा, शक्य असेल तर घरातल्या सर्वांसमोर. मला जो सामर्थ्य देतो त्याच्याद्वारे मी सर्व काही करू शकतो, हे वचन शेवटच्या अध्यायात येईल तेव्हा त्याच्या आधीच्या दोन ओळींत उपासमारीविषयी काय लिहिले आहे ते पाहा. जे कळणार नाही ते वहीत टिपून ठेवा आणि ती वही घेऊन पाळकसाहेबांच्या पुढच्या वर्गाला जा.